टाकी कुठे रिकामी करायची: ऑस्ट्रेलियातल्या डंप पॉइंटचा इतिहास

ऑस्ट्रेलियातल्या लहान गावात कॅराव्हॅन किंवा मोटरहोम घेऊन येणाऱ्याला तीन गोष्टी हमखास लागतात: इंधन, पिण्याचे पाणी आणि गाडीतल्या शौचालयाची टाकी रिकामी करायला जागा. पेट्रोलपंप दुरून दिसतो, पाण्याचा नळ कुणीही दाखवतो. तिसरी जागा मात्र शोधावी लागते. तिला तिथे डंप पॉइंट म्हणतात. मध्याकडे उतरत गेलेला काँक्रीटचा ओटा, त्यात झाकण असलेले गटाराचे तोंड, शेजारी नळ आणि एक निळी पाटी, एवढाच तिचा पसारा असतो. मुख्य रस्त्यावर ती क्वचितच असते. बहुतेक गावांत ती शोग्राउंडच्या (शेतकी प्रदर्शनाच्या मैदानाच्या) फाटकाशी, सार्वजनिक शौचालयाच्या मागे, गुरांच्या बाजाराजवळ किंवा वेशीवरच्या ट्रकतळावर सापडते. या जागा उगाच ठरलेल्या नाहीत. गावाचा मैला आजवर कुठून कुठे गेला आणि वाटसरूच्या मैल्याची जबाबदारी गावाने कधी व का घेतली, हे त्या जागांवरून उलगडत जाते.

एकोणिसाव्या शतकात तिथल्या घराचे शौचालय म्हणजे परसातला खड्डा. वस्ती विरळ होती तोवर ते निभावले. वस्ती दाटली तसा खड्ड्यांतला पाझर विहिरींत उतरू लागला आणि विषमज्वर दर उन्हाळ्याचा पाहुणा झाला. १८९० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात कूलगार्डी आणि कालगुर्ली इथे सोन्याच्या आशेने हजारो माणसे येऊन पडली. पाणी विकत घ्यावे लागत होते, मैल्याची सोय जवळजवळ नव्हतीच. तिथल्या तंबूंच्या इस्पितळांत विषमज्वराने तरुण माणसे पटापट दगावली. अशा अनुभवांनंतर खड्ड्यांची जागा डब्यांनी घेतली. परसाच्या टोकाला लाकडी किंवा पत्र्याची खोपटी, आत बैठकीखाली लोखंडी डबा आणि मागच्या भिंतीला खालच्या अंगाला छोटे दार. घराच्या मागून जाणाऱ्या बोळातून सफाईवाला येई, त्या दारातून भरलेला डबा ओढून काढी, घट्ट झाकण लावून खांद्यावर घेई आणि धुतलेला रिकामा डबा आत सरकवी. सिडनी, मेलबर्न या शहरांच्या जुन्या भागांतले अरुंद मागचे बोळ याच कामासाठी राखलेले होते. आज त्या बोळांत गॅरेज आणि बागा आहेत.

महाराष्ट्रातल्या जुन्या शहरांतले टोपलीचे संडास ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही व्यवस्था लगेच ओळखू येईल. एक फरक मात्र मोठा होता. ऑस्ट्रेलियात हे काम जन्मावरून कुणाच्या माथी मारले गेले नाही. कौन्सिलची, म्हणजे स्थानिक नगरपालिकेची, किंवा तिच्या ठेकेदाराची माणसे ते मजुरीवर करत, सोडून दुसरे काम धरत, आणि नाताळात घरोघरी त्यांच्यासाठी बियरची बाटली किंवा थोडे पैसे ठेवले जात. काही सफाईवाले नाताळच्या सुमारास स्वतः रचलेल्या चार ओळी कागदावर छापून घरोघरी सोडून जात. काम घाणीचे होते, पण ते करणारा माणूस गल्लीच्या ओळखीचा होता.

डबे भरलेली गाडी गावाबाहेर कौन्सिलच्या डेपोवर जाई. तिथे चर खणून मैला पुरत, डबे धुऊन डांबर लावत. जवळजवळ प्रत्येक गावाला असा डेपो होता, आणि तो नेहमी वाऱ्याची दिशा पाहून, वस्तीपासून लांब, बहुधा कचऱ्याच्या जागेशेजारी ठेवलेला असे. गावाच्या नकाशावर घाणीची एक बाजू ठरून गेली ती तेव्हापासून. पुढे मैला शुद्धीकरणाचे तलाव अनेक ठिकाणी त्याच बाजूला खोदले गेले, गुरांचा बाजारही तिकडेच सरकला.

शहरांत मलवाहिन्या तुलनेने लवकर आल्या. ॲडलेडमध्ये १८८१ मध्ये मैला पाण्याबरोबर वाहून नेणारी व्यवस्था सुरू झाली. मेलबर्नची दुर्गंधी इतकी गाजलेली, की वर्तमानपत्रे शहराच्या नावाचेच विडंबन करत. तिथे १८९१ मध्ये खास मंडळ नेमले गेले आणि १८९७ मध्ये पोर्ट मेलबर्नमधल्या एका हॉटेलला पहिली जोडणी मिळाली. न्यू साउथ वेल्सने गावांसाठी पाणीपुरवठा आणि मलवाहिन्यांचा कायदा १८८० मध्येच केला होता. तरी प्रत्यक्षात गावांपर्यंत नळ आधी गेले आणि गटारे कित्येक दशकांनी. घरे विखुरलेली, पट्टी भरणारे मोजके आणि खोदाईचा खर्च मात्र शहराइतकाच. ज्या कौन्सिलला रस्ता डांबरी करायला पैसे पुरत नव्हते, तिने मलवाहिनी पुढच्या पिढीवर सोडली.

ही दरी सेप्टिक टँकने भरून काढली. इंग्लंडमधल्या एक्झिटर शहराचे सर्व्हेयर डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ च्या सुमारास ती टाकी नावारूपाला आणली. मैला बंद टाकीत राहतो, हवा नसताना वाढणारे जिवाणू तो कुजवतात, गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी शोषचरात मुरते. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात शेतघरे, शाळा, हॉटेले आणि पुढे महामार्गांवरची रोडहाउस यांचा संसार याच टाक्यांवर चालला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला साउथ ऑस्ट्रेलियाने त्यावर एक काटकसरीची युक्ती काढली. प्रत्येक घराने आपली सेप्टिक टँक ठेवायची. गाळ घरच्या टाकीत बसू द्यायचा आणि वरचे निवळलेले पाणी तेवढे बारीक नळाने गावाबाहेरच्या तलावात न्यायचे. घन पदार्थ नळात येतच नसल्याने नळ लहान चालतो, उतार कमी पुरतो आणि खोदाई उथळ होते. मॅली भागातले पिनारू हे गव्हाचे गाव या योजनेच्या पहिल्या गावांपैकी एक. ही योजना त्या राज्यात पुढे अनेक वस्त्यांपर्यंत गेली, आणि डंप पॉइंटच्या वेळी तिच्यामुळेच एक वेगळी अडचण उभी राहिली. ती पुढे येईल.

शहरांच्या कडेला वाढलेल्या नव्या उपनगरांतही १९७० पर्यंत लाखो घरांना मलवाहिनी नव्हती. ब्रिस्बेनमध्ये महापौर क्लेम जोन्स यांनी १९६० च्या दशकात हे काम नेटाने पुढे नेले. गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने १९७२ नंतर मलवाहिन्यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रमच काढला आणि देशाच्या पंतप्रधानाने संडासाचा प्रश्न उघडपणे राजकारणात आणला. परसातल्या खोपटीचा अंत जवळ आला तो या काळात. नेमक्या याच काळात संडास चाकांवर चढून गावोगाव फिरू लागला होता.

मोटारीतून फिरणाऱ्यांची सोय गावांनी १९२० च्या दशकापासून केली होती. नदीकाठी किंवा शोग्राउंडवर तंबूसाठी जागा, एक नळ, एक-दोन संडास. शोग्राउंड म्हणजे वर्षातून एकदा शेतकी प्रदर्शन भरण्याचे मैदान. एरवी ते रिकामेच असे आणि गर्दीसाठी बांधलेली शौचालये तिथे आयती होती. दुसऱ्या महायुद्धाने हे फिरणे थांबवले. पेट्रोलचे रेशनिंग १९४० मध्ये सुरू झाले आणि ते पुरते सुटायला १९५० उजाडले. त्या सुमारास सगळे एकदमच जुळून आले. १९४८ मध्ये होल्डन ही देशात बनलेली मोटार बाजारात आली, पगारी रजा वाढली आणि १९५५ मध्ये खंडाला वळसा घालणाऱ्या रस्त्यांना हायवे वन हा एकच क्रमांक मिळाला. समुद्रकाठी आणि नदीकाठी कॅराव्हॅन पार्क उभे राहिले. व्हायकाउंट, मिलर्ड, फ्रँकलिन ही कॅराव्हॅनची नावे घरोघरी पोहोचली. मेलबर्नच्या उत्तरेला कॅम्पबेलफील्डच्या परिसरात या धंद्याने बस्तान बसवले. जेको ही कंपनी १९७५ ची.

या पिढीच्या कॅराव्हॅनमध्ये शौचालय नव्हते. पलंग, टेबल, बर्फाची पेटी, गॅसची शेगडी एवढाच संसार असे. अंघोळ आणि शौच यांसाठी पार्कची इमारत होती, आणि प्रवास म्हणजे एका पार्कपासून दुसऱ्या पार्कपर्यंतचे अंतर. रात्री लहान मुलांसाठी झाकणाची बादली ठेवली, तर सकाळी ती पार्कच्या संडासात रिकामी होई. म्हणून डंप पॉइंट नावाच्या वेगळ्या जागेची कुणाला गरजच भासली नाही. गावाच्या दृष्टीने कॅराव्हॅनवाला पार्कच्या कुंपणाआड होता आणि त्याचा मैला पार्कमालकाचा.

हे कुंपण रासायनिक शौचालयाने मोडले. इंग्लंडमध्ये १९२४ साली एफ्राइम लुई जॅक्सन यांनी एल्सन हे बिनपाण्याचे शौचालय काढले होते. बादलीत तीव्र रसायन घालायचे, ते दुर्गंधी दाबते आणि कुजण्याची क्रिया थांबवते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांतही ते बसवलेले होते. अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे १९६३ मध्ये थेटफर्ड कंपनी निघाली आणि १९६८ मध्ये तिने पोर्टा पॉटी आणली. वर स्वच्छ पाण्याची टाकी व बैठक, खाली मैल्याची टाकी, मध्ये घट्ट बसणारी सरकती झडप. दोन्ही भाग वेगळे होत आणि खालचा भाग हँडलला धरून नेता येई. १९८० च्या दशकात युरोपात कॅसेट शौचालय आले. त्यात बैठक गाडीत पक्की असते आणि मैल्याची सतरा-अठरा लिटरची चपटी टाकी गाडीच्या बाहेरच्या बाजूला केलेल्या छोट्या दारातून ओढून काढता येते. सफाईवाल्यासाठी खोपटीच्या मागे ठेवलेले दार जवळजवळ शंभर वर्षांनी कॅराव्हॅनच्या कुशीत पुन्हा उघडले. फक्त आता डबा उचलणारा मालक स्वतः होता. मोठ्या मोटरहोममध्ये कॅसेटऐवजी तळाला मोठी टाकी असते आणि ती जाड नळीने खाली सोडावी लागते.

दोघांच्या प्रवासात कॅसेट तीन-चार दिवसांत भरते. या एका आकड्याने पुढची सगळी मागणी घडवली. गाडीत शौचालय आणि न्हाणीघर आले, छतावर सौर पॅनेल चढले, पाण्याच्या टाक्या मोठ्या झाल्या. रोज पार्कमध्ये उतरण्याची गरज संपली. रस्तेही तोवर झाले होते. नलरबॉरच्या माळावरून जाणारा आयर हायवे १९७६ मध्ये पूर्ण डांबरी झाला, मध्य ऑस्ट्रेलियातून डार्विनला जाणारा स्टुअर्ट हायवे १९८७ मध्ये. हिवाळा लागला की व्हिक्टोरिया, तास्मानिया आणि दक्षिणेकडची निवृत्त जोडपी क्वीन्सलंड आणि नॉर्दर्न टेरिटरीच्या उबेकडे निघू लागली आणि सप्टेंबरच्या सुमारास परतू लागली. १९९७ च्या एका माहितीपटानंतर त्यांना ग्रे नोमॅड हे नाव चिकटले. १९९२ पासून सक्तीची झालेली निवृत्तिवेतन बचत, दीर्घ सेवेबद्दल मिळणारी रजा आणि शहरातल्या घरांच्या चढत्या किमती यांनी या फिरस्त्यांना बळ दिले. आज देशात नोंदणी झालेल्या कॅराव्हॅन आणि मोटरहोमची संख्या सात लाखांच्या पुढे आहे.

आता प्रश्न गावांच्या दारात आला. दोन पार्कांच्या मधल्या वाटेवर मुक्काम करणारा आपली टाकी कुठे ओतणार? काहींनी रस्त्याकडेच्या विश्रांतिस्थळावरच्या खड्ड्याच्या संडासात ओतली, काहींनी पेट्रोलपंपाच्या शौचालयात, आणि थोड्यांनी, पण बदनामी व्हायला पुरेशा थोड्यांनी, झाडीत. सार्वजनिक शौचालयात टाकी ओतणे हा उपाय वरवर निरुपद्रवी दिसतो. अठरा लिटर एकदम ओतले की भांडे तुंबते, शिंतोडे उडतात आणि पुढच्या माणसाला आत पाऊल टाकवत नाही.

त्याहून गंभीर प्रश्न रसायनाचा होता. टाकीत घालण्याच्या जुन्या निळ्या द्रावणांत फॉर्मल्डिहाइड असे. ते जिवाणू मारते, म्हणून वास येत नाही. सेप्टिक टँकचे सगळे काम मात्र जिवंत जिवाणूंवर चालते. रोडहाउसच्या किंवा उद्यानाच्या टाकीत आठवड्याला पंचवीस-तीस कॅसेट ओतल्या गेल्या, तर आतली पचनक्रिया मंदावते, गाळ न कुजता साठत जातो आणि शोषचर बुजतात. टाकी उपसायला येणारा टँकर दोन-तीनशे किलोमीटरवरून यायचा असतो. शहराच्या मोठ्या केंद्रात तेवढे रसायन पाण्यात विरून जाते. पाचशे वस्तीच्या गावाच्या तलावाला ते जड जाते. त्यामुळे अनेक गावांची पहिली पाटी नाही म्हणणारी होती: इथे रासायनिक शौचालय रिकामे करू नये. ती पाटी लावणाऱ्यांना पाहुण्यांचा तिटकारा होता असे नाही. आपली टाकी किती सोसेल हे त्यांना माहीत होते.

उत्तर दोन्ही बाजूंनी निघाले. उत्पादकांनी फॉर्मल्डिहाइड नसलेली, सेप्टिक टँकला चालणारी द्रावणे आणली. कॅराव्हॅनवाल्यांनी स्वतःचेही उपाय शोधले. बाळाचे लंगोट भिजवण्याची सोडियम परकार्बोनेटची पूड टाकीत चमचाभर घालण्याची रीत ऑस्ट्रेलियात घरगुती नुस्ख्यासारखी पसरली आहे. आणि गावांनी टाकी ओतायला ठराविक जागा द्यायला सुरुवात केली.

या कामी सर्वांत जास्त रेटा लावला तो कॅम्परव्हॅन अँड मोटरहोम क्लब ऑफ ऑस्ट्रेलिया या १९८६ मध्ये स्थापन झालेल्या सभासद संस्थेने. तिने कौन्सिलांपुढे साधा हिशेब मांडला: फिरस्ता थांबला तर इंधन भरतो, पाव आणि मांस घेतो, औषधे घेतो, टायर बदलतो, थांबायला कारण हवे, आणि तीन दिवसांची भरलेली कॅसेट हे फार बळकट कारण आहे. संस्थेने डंप पॉइंटसाठी कौन्सिलांना अर्थसाहाय्य देण्याची योजना सुरू केली. जोडीला आरव्ही फ्रेंडली टाउन, म्हणजे कॅराव्हॅन-मोटरहोमला सोयीचे गाव, हा दर्जा देणारा कार्यक्रम आणला. तो मिळवायचा तर लांब गाडी उभी करायला गावात जागा, स्वस्त किंवा मोफत मुक्काम, पिण्याचे पाणी आणि डंप पॉइंट यांची तयारी दाखवावी लागते. वेशीवर ती पाटी लागली की मोठ्या गाड्या वळतात, हे शेजारची गावे पाहत होती. दुष्काळाने किंवा बँक बंद झाल्याने खंगलेल्या गावांना त्यात जगण्याचा एक आधार दिसला, आणि तो खोटा नव्हता.

विरोध झाला तो कॅराव्हॅन पार्कच्या मालकांकडून. कर आणि पट्टी भरून आम्ही पार्क चालवतो, आणि कौन्सिल लोकांच्या पैशातून आमच्याच गिऱ्हाइकाला फुकट सोय देते, हे त्यांचे म्हणणे होते. सरकारी संस्थांनी खाजगी धंद्याशी असमान स्पर्धा करू नये, हे ऑस्ट्रेलियात मान्य झालेले धोरण त्यांच्या बाजूला होते. हे गाऱ्हाणे रास्तच होते; लहान गावातला पार्क बहुधा एका कुटुंबाचा असतो आणि हिवाळ्याच्या चार महिन्यांची कमाई त्याला वर्षभर पुरवायची असते. पण मोफत मुक्काम आणि डंप पॉइंट या दोन गोष्टी चर्चेत एकत्र बांधल्या गेल्या, तिथे घोटाळा झाला. मुक्कामाची जागा ही सवलत आहे. डंप पॉइंट ही आरोग्याची सोय आहे. ती नाकारली म्हणून टाकीतला मैला नाहीसा होत नाही. काही गावांनी मधला मार्ग काढला: डंप पॉइंट पार्कमध्येच ठेवायचा, मुक्कामाला न उतरणाऱ्यांकडून थोडे शुल्क घ्यायचे. बऱ्याच कौन्सिलांनी तो सर्वांना मोकळा, चोवीस तास उघडा ठेवला.

जागा ठरवताना अभियंत्यासमोर पहिला प्रश्न असतो मलवाहिनीचा. ती जिथवर पोहोचली आहे तिथवरच डंप पॉइंट जाऊ शकतो. दुसरा प्रश्न वळणाचा. गाडी आणि मागची कॅराव्हॅन मिळून बारा-पंधरा मीटर लांबी होते. तिला मागे न घेता आत शिरून पुढे बाहेर पडता आले पाहिजे. तिसरा प्रश्न वासाचा आणि शेजाऱ्यांचा. तिन्ही उत्तरे जिथे जुळतात अशा जागा गावात फार नसतात. शोग्राउंडला मोठे फाटक आणि मोकळे मैदान असते, आणि गर्दीच्या शौचालयांमुळे मलवाहिनी तिथवर आलेली असते. गुरांच्या बाजारात ट्रक वळायला जागा असते आणि धुण्याच्या पाण्याचा निचरा असतो. मुख्य रस्त्यावरच्या बागेतले सार्वजनिक शौचालय मलवाहिनीवर असले, तरी तिथे वळायला जागा नसते, म्हणून डंप पॉइंट त्याच्या मागच्या गल्लीत जातो. साउथ ऑस्ट्रेलियातल्या पिनारूसारख्या पद्धतीच्या गावांची अडचण इथेच आडवी येते. त्यांचे बारीक नळ निवळलेले पाणीच वाहून नेतात. कॅसेटमधला घन मैला त्यांत सोडला तर नळ बुजेल. अशा ठिकाणी डंप पॉइंटला स्वतःची सेप्टिक टँक बांधावी लागते, ती वेळोवेळी उपसावी लागते, आणि तो खर्च वर्षानुवर्षे कौन्सिलच्या अंदाजपत्रकात राहतो.

बांधकाम साधे असले तरी त्यात बारकावे आहेत. ओट्याला उतार हवा, पण पावसाचे पाणी तोंडात शिरता कामा नये, म्हणून तोंडाभोवती किंचित उंच कडा आणि वर झाकण असते. झाकण पायाने उघडता आले तर हात स्वच्छ राहतात. कॅसेट ओतणाऱ्याला तोंड कमरेच्या आसपास उंचीवर असलेले बरे पडते, तर मोठ्या टाकीची नळी जोडणाऱ्याला ते जमिनीच्या पातळीवर हवे असते; दोघांची सोय करणारे डंप पॉइंट आजही कमी आहेत. धुण्याच्या नळाला पाणी उलट शिरू न देणारी झडप बसवतात, आणि हे पाणी पिऊ नये अशी ठळक पाटी लावतात. पिण्याचा नळ तिथून काही अंतरावर असायला हवा. ही दोन नळांमधली फारकत हाच या सगळ्या रचनेचा गाभा आहे, कारण कॅसेट धुतलेल्या नळीचे टोक पिण्याच्या टाकीत गेले की विषमज्वराच्या काळातली चूक पुन्हा घडते.

वापरण्याची रीत अनुभवी माणसाकडून शिकावी अशी. हातमोजे घालून कॅसेट बाहेर काढायची; नव्या कॅसेटला चाके आणि लांब दांडा असतो, प्रवासी पिशवीसारखी ती ओढत नेता येते. ओतायची चोच बाहेर फिरवायची, टोपण काढून हातात ठेवायचे, कारण ते गटारात पडले तर परत मिळत नाही. ओतताना वरचे हवेचे बटण अंगठ्याने दाबून धरायचे. हवा आत गेली नाही तर मैला गचके देत बाहेर येतो आणि कपड्यांवर उडतो. मग थोडे पाणी भरून, हलवून, दोन-तीन वेळा ओतायचे. शेवटी ओटा आणि तोंड धुऊन झाकण लावायचे. हे सारे पाच मिनिटांचे काम. डंप पॉइंट बंद पडतो तो बहुधा या पाच मिनिटांत केलेल्या हयगयीने: ओले टिश्यू, लंगोट आणि प्लॅस्टिक आत गेले की नळ तुंबतो, कौन्सिल कुलूप लावते आणि पुढच्या गावावर भार पडतो.

डंप पॉइंट शोधण्याची साधनेही बदलत गेली. सुरुवातीला मुक्कामावर शेजारच्या गाडीवाल्याला विचारणे आणि वहीत टिपून ठेवणे हाच मार्ग होता. नंतर क्लबच्या याद्या आल्या. कॅम्प्स ऑस्ट्रेलिया वाइड या जाडजूड मार्गदर्शकात मुक्कामांच्या जागांबरोबर डंप पॉइंटही नकाशावर दाखवलेले असतात, आणि विकीकॅम्प्ससारख्या ॲपमध्ये वापरणारेच माहिती ताजी ठेवतात: नळ तुटला आहे, फाटक संध्याकाळी बंद होते, पुलाखालून उंच गाडी जात नाही. यांतले सर्वांत वेगळे साधन सरकारी आहे. संघराज्य सरकारने २००१ मध्ये देशातल्या सार्वजनिक शौचालयांचा राष्ट्रीय नकाशा काढला, तो लघवी-शौचावर ताबा न राहणाऱ्या रुग्णांना घराबाहेर पडण्याचा धीर यावा म्हणून. त्याच नकाशात आता डंप पॉइंटची, धुण्याच्या नळाची आणि रात्री उघडे असण्याची नोंद सापडते. आरोग्य खात्याच्या एका सहृदय कामाचा असा उपयोग फिरस्त्यांना झाला.

अंतर वाढते तिथे या नोंदींची किंमत कळते. साउथ ऑस्ट्रेलियातल्या सेडूनापासून पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्समनपर्यंत नलरबॉरचा रस्ता सुमारे बाराशे किलोमीटर आहे. मध्ये काही रोडहाउस आहेत, त्यांचे पाणी मोलाचे आणि सेप्टिक टँक लहान. जाणता प्रवासी सेडूनात टाकी रिकामी करून आणि पाणी भरून निघतो, आणि मधल्या तीन-चार दिवसांत रोडहाउसच्या शौचालयाचा शक्य तेवढा वापर करून कॅसेटची जागा वाचवतो.

शेजारच्या न्यूझीलंडने हाच प्रश्न कायद्याने हाताळला. तिथली मोटर कॅराव्हॅन असोसिएशन १९५६ पासूनची. २००१ मध्ये गाडीने स्वतःचा मैला आणि सांडपाणी किमान तीन दिवस साठवले पाहिजे असे राष्ट्रीय मानक झाले. रग्बी विश्वचषकाच्या वर्षी, २०११ मध्ये, मोफत मुक्कामाचा कायदा आला. स्वस्तातल्या मोटारीत पलंगाखाली न वापरलेली पोर्टा पॉटी ठेवून त्या मानकाचे प्रमाणपत्र मिळवणारे इतके झाले, की २०२३ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्रासाठी गाडीत पक्के बसवलेले शौचालय सक्तीचे केले. ऑस्ट्रेलियात असा देशव्यापी कायदा नाही. तिथे प्रत्येक कौन्सिलचे नियम वेगळे आहेत आणि अंघोळीचे व भांड्यांचे सांडपाणी जमिनीवर सोडता येते की नाही, हेही जागेनुसार बदलते.

अलीकडे काही कॅराव्हॅनमध्ये रसायन आणि पाणी दोन्ही न लागणारी शौचालये आली आहेत. त्यांत मूत्र वेगळ्या डब्यात जाते आणि घन भाग नारळाच्या काथ्याच्या भुशात किंवा पीट मातीत कोरडा होत राहतो. मूत्राचा डबा डंप पॉइंटवर रिकामा करता येतो. भुसा मिसळलेला घन भाग तिथे टाकता येत नाही, कारण तो नळात फुगून बसतो. तो पुरेसा कुजलेला नसताना कचऱ्याच्या डब्यात टाकावा का, यावर कौन्सिलांचे एकमत नाही. या नव्या डब्यासाठी गावात पुन्हा एकदा जागा ठरवावी लागणार आहे.